शुक्रवारचं खाजण

"हलू नका! जरासुद्धा हलू नका!"

मृणाली ओरडली खरी, पण मांड्यांपर्यंत चिखलात रुतलेला तो माणूस हलणार तरी कुठं होता? भर दुपार, ओहोटी लागलेली, कोन गावच्या खाडीचा काळा चिखल उन्हात चकाकत होता आणि त्यात हा गडी एका हातात पिशवी नि दुसऱ्या हातात एकुलती एक चप्पल धरून उभा. दुसरी चप्पल चिखलानं केव्हाच पोटात घातली होती.

त्यानं मान वळवून बांधाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा आणखीच उतरला. त्याचंही काही चुकलं नाही म्हणा. बांधावर डोक्याला ओढणी गुंडाळलेली, गालावर ओरखडे उमटलेली, सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली एक मुलगी उभी होती. आणि तिच्या हातात कोयता होता.

"मी चोर नाय हो," तो घाईघाईनं म्हणाला.

"चोर इथून काय नेणार? चिखल?"

"चिंबोऱ्या धरायला आलेलो..."

"मग? गावल्या का?"

"एक गावली. म्हणजे... तिनंच मला धरला." त्यानं चप्पल काखेत मारली आणि खेकड्याच्या नांगीनं सुजलेलं बोट वर करून दाखवलं.

मृणालीला हसू आवरेना. तिच्यामागं बांधावर पाय पसरून बसलेल्या राहीबाईला तर ते आवरायची गरजच वाटली नाही. म्हातारी तोंडाला पदर लावून गदागदा हसत सुटली.

"आता आडवे व्हा," मृणाली म्हणाली.

"काय?"

"पोटावर आडवे पडा आणि सरपटत या. उभा माणूस रुतत जातो. आडव्याला चिखल सोडतो."

"अहो, शर्ट नवीन हाय!"

"मग राहा उभे. भरती लागली की शर्टही धुऊन मिळेल नि तुम्हीही."

त्यानं खाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... आणि मुकाट्यानं आडवा झाला. घोरपडीसारखा सरपटत तो बांधाशी आला, तेव्हा तिनं पुढं केलेला बांबू धरून वर चढला. नखशिखांत काळा. फक्त डोळे आणि दात पांढरे, आणि ते दात हसत होते. माणूस स्वतःची एवढी शोभा झाल्यावरही असा मोकळेपणानं हसू शकतो, याचंच मृणालीला पहिल्यांदा नवल वाटलं.

त्याचं नाव विशाल. गाव दिघाशी, घरी भातशेती, नोकरी शेलारच्या एका लूम कारखान्यात. जॉबर होता तो, म्हणजे लूम बिघडला की हातात पाना घेऊन त्याखाली शिरणारा. शुक्रवारी लूमला सुट्टी. कुणा मित्रानं सांगितलं होतं की कोनच्या खाडीत चिंबोऱ्या नुसत्या पिशवी उघडून बसलं तरी आत चालत येतात.

"आणि तुम्ही कोयता घेऊन कोणाच्या मागावर?" तोंडावरचा चिखल निपटत त्यानं विचारलं.

"घाणेरीच्या."

"ती काय करते तुमचं वाकडं?"

"बसा," मृणाली म्हणाली. "सांगते."

आणि तिनं सांगितलं. बांधाच्या आतली ही सगळी खाजण जमीन तिच्या बाबांची, केसरीनाथांची. एके काळी इथं तिवरांचं, खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांचं, दाट रान होतं. चुलीसाठी, कुंपणासाठी गावानंच ते तोडलं. मग मोकळ्या जागेवर विलायती बाभूळ आणि बांधावर घाणेरी अशी काही माजली की पाखरालाही आत शिरायला वाट उरली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत महापूर आला, तेव्हा जिथं चार तिवरं शिल्लक होती तिथला बांध टिकला. केसरीनाथांच्या खाजणाचा फुटला, आणि राहीबाईचं घर भांड्याकुंड्यांसकट वाहून गेलं. म्हणून मृणालीनं कॉलेजातली मुलं, चुलतबहीण ऋतिका, गावातल्या दोनचार बाया जमवल्या. दर रविवारी ही मंडळी येऊन परकी झाडं मुळासकट काढायची. पावसाळ्यात तिथं पुन्हा तिवर लावायचं, बांधावर भेंडीची आणि करंजाची झाडं.

"आणि बाबा काय म्हणतात?"

मृणालीनं कोयत्याचं टोक मातीत खुपसलं. "बाबांना इथं भराव टाकून गोडाऊनवाल्याला जागा द्यायची आहे. सगळ्यांनी दिली. पण मी खूप भांडले तेव्हा म्हणाले, दिवाळीच्या अवसेचं उधाण येऊन जाऊ दे. त्यात तुझी रोपं उभी राहिली तर खाजण राहील. नाही राहिली तर भराव."

"म्हणजे दिवाळीपर्यंत."

"दिवाळीपर्यंत."

विशालनं तिच्या कोयत्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी येऊ? कोयता चालवता येतो मला. रविवारी ड्युटी असते, पण शुक्रवारी..."

"शुक्रवारी इथं कोणी नसतं. मी आणि राहीबाई, बस."

"चालेल!" तो इतक्या झटकन म्हणाला की चिखलाखालीसुद्धा लाजलेला दिसला.

तो येईल असं मृणालीला मुळीच वाटलं नव्हतं. पण पुढच्या शुक्रवारी ती बांधावर पोचली तर हा आधीच हजर. पायात गमबूट, अंगात जुनापुराणा शर्ट आणि खांद्यावर घरून आणलेली कुदळ.

घाणेरी कापून मरत नाही. कापली की दुप्पट जोमानं फुटते. खालचा गड्डा खणून काढायचा आणि मुळं आभाळाकडे करून वाळत टाकायची, तेव्हा कुठं ती हार मानते. विशाल हे एकदाच ऐकून कामाला लागला. तो खणायचा, ती ओढायची. कधी ओढता ओढता गड्डा अचानक निघायचा, दोघंही एकमेकांवर आदळता आदळता सावरायची, आणि मग उगाचच दुसरीकडे बघायची. राहीबाई भेंडीच्या जुन्या झाडाच्या सावलीत बसून दोघांवर लक्ष ठेवायची. तिला ते काम कोणी सांगितलं नव्हतं, पण तिनं ते मोठ्या आवडीनं पत्करलं होतं.

एकदा विलायती बाभळीचा काटा मृणालीच्या तळहातात खोल गेला. विशालनं खिशातून एक बारीक चिमटा काढला. कापडातल्या गाठी काढायचा.

"हात द्या."

"दुखेल."

"कोयता घेऊन फिरणारी बाई काट्याला घाबरते?"

"घाबरत नाही. सांगितलं फक्त." तिनं हात पुढं केला आणि डोळे घट्ट मिटले.

त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. काटा केव्हा निघाला ते तिला कळलंच नाही... कळलं ते एवढंच की काटा निघाल्यावरही तिचा हात त्याच्या हातातच होता.

"आवं, निंगला न काटा?" राहीबाई भेंडीखालून ओरडली. "मंग आता काय हात पन काढून नेतंस घरी?"

त्या दिवशी दोघांनी मिळून नेहमीच्या दुप्पट घाणेरी काढली. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नसलं की माणूस असं काम करतो.

खाडीचं पंचांग मात्र त्याला ठाऊक नव्हतं. दर शुक्रवारी पाणी वेगळ्याच वेळी का येतं, हे त्याला कोडंच होतं.

"पुनव नि अवसेला उधाण, पाणी पार बांधाला लागतं," मृणालीनं समजावलं. "सप्तमी-अष्टमीला भांग. तेव्हा पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही."

"म्हणजे खाडीचीपण शिफ्ट असते."

"असते."

"आणि शिफ्ट लावतो चंद्र." तो हसला. "आमचा कारखान्यातला मेहताजी बरा मग. निदान सुट्टी तरी ठरलेली."

पावसाळा आला, आणि मृणालीच्या परसात पिशव्यांमधून वाढवलेली तिवराची रोपं खाजणात लावायची वेळ झाली. रविवारी मंडळींनी निम्मं लावलं, उरलेलं शुक्रवारी या दोघांनी. विशाल भाताची आवणी करतात तसा पाठीमागं सरकत, वाकून, एका लयीत रोपं लावत जायचा. वर पावसाची झिमझिम, खाली कोमट चिखल, आणि हा मध्येच मान वर करून विचारायचा, "दमलात?"

"नाही."

"दमलात तर सांगा."

"तुम्हीच दमलाय. मला विचारून बसायचा बहाणा शोधताय."

शेवटचं रोप लागलं. मृणालीनं कंबर सरळ केली आणि तिच्या गालावर ओलं ओलं काहीतरी लागलं. विशालचं चिखलानं माखलेलं बोट अजून हवेत होतं.

"आमच्याकडं आवणी संपली की चिखल लावल्याशिवाय कोण घरी जात नाय," तो म्हणाला. आवाज धीट होता, डोळे नव्हते.

मृणालीनं ओंजळभर चिखल उचलला आणि सरळ त्याच्या डोक्यावर थापला. "आणि आमच्याकडं उधारी ठेवत नाहीत. कळलं का रे तुला?"

'रे' आणि 'तुला' तिच्या तोंडून निसटून गेले होते. ते परत घ्यावेत असं तिला वाटलं नाही, आणि त्यानं तर ते दोन्ही जपूनच ठेवले.

श्रावणात काल्हेरच्या मावशीकडे बारसं निघालं. मृणाली आईबरोबर गेली, तिथं तापानं फणफणली आणि मावशीनं तिला आठवडाभर अंथरुणातून उठू दिलं नाही. मागचापुढचा दोन्ही रविवार सणावारात गेले, राहीबाई लेकीकडे. त्या शुक्रवारी विशाल खाजणात आला तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. पुनव गेली होती, पण उधाण अजून ओसरलं नव्हतं. बांधातल्या उघाडीतून, म्हणजे पाणी आतबाहेर करायच्या त्या जुन्या तोंडातून, खाडी धो धो आत शिरत होती आणि कोवळी रोपं अशी वाकत होती की आता उपटून वाहून जातील.

भातवाल्या माणसाला अशा वेळी एकच सुचतं. पाणी अडव! शेताचं तोंड बांध, रोप वाचव. त्यानं फळ्या आणल्या, गोणपाट आणलं, ओहोटी लागताच उघाडीत उतरून फळ्या बसवल्या आणि वर चिखलाचं असं लिंपण केलं की थेंब आत येणार नाही. अंधार पडता पडता घरी निघाला तेव्हा त्याची पाठ मोडली होती आणि मन इतकं खूष होतं की तो सायकल दामटत गाणं म्हणत गेला.

थेंब आत येणार नव्हता. बाहेरही जाणार नव्हता. वरून पाऊस पडत राहिला, खाजण काठोकाठ भरलं आणि भरलेलंच राहिलं.

पुढच्या शुक्रवारी मृणाली बांधावर आली ती वासानंच थबकली. हिरवट काळं पाणी, त्यावर साय धरलेली, आणि त्याखाली तिची रोपं. काही आडवी, काही काळी पडलेली. तिनं हात घालून एक उपटलं. मूळ बोटांत विरघळलं.

"बघितलंस?" मागून विशालचा हसरा आवाज आला. "एवढं उधाण होतं, पण एक रोप वाहून जाऊ दिलं नाय मी!"

ती वळली. "उघाडी कोणी बांधली?"

त्यानं तिच्या हातातलं रोप पाहिलं. हसू जागच्या जागी मेलं.

"मी... अगं, पाणी आत घुसत होतं. आमच्याकडं..."

"तुमच्याकडं भात पिकतो, विशाल! हे तिवर आहे. त्याला खाडी यायला लागते आणि जायलाही लागते! दोन्ही लागतं! तुला विचारता आलं नाही? कोणालातरी?" तिनं हातातलं रोप पाण्यात भिरकावलं. "गेलं सगळं. बाबा उद्याच भराव टाकतील."

विशाल वळला. त्या घाण पाण्यात छातीपर्यंत उतरला, एकेक फळी हातांनी उपटून काढली, पाणी खळाळत बाहेर पडेपर्यंत तिथं उभा राहिला. मग वर आला, कुदळ उचलली, आणि "चुकलो" एवढंच म्हणून निघून गेला.

त्यानंतरच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मृणालीचा राग पहिला आठवडा छान टिकला. दुसऱ्या आठवड्यात तो राहीना. घाणेरीचे नवे फुटवे खणता खणता तिची नजर सारखी भिवंडीच्या रस्त्याकडे जायची, आणि कुठल्याही सायकलीची घंटी वाजली की कुदळ हवेतच थांबायची. आपण याला रोपं मेल्याबद्दल शिव्या देत होतो आणि आता हा नाही म्हणून रडायला येतंय... हे काय भलतंच? तिला स्वतःचाच राग आला.

"कनाची वाट बगतंस गो?" राहीबाईनं विचारलं. "भरतीची का त्या पोराची?"

"कोणाची नाही."

"जल्ला! मना काय दिसत न्हाय का?"

मृणालीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती खाडीकडे बघत होती. भाद्रपद लागला होता. पलीकडच्या जुन्या तिवरांची फळं गळून पाण्यावर तरंगत येत होती, बांधाला लागून त्यांचे हिरवे ढीग पडत होते. सालं सुटलेली, आतून कोंब निघालेली, जिवंत बियाणं! परसात वाढवायची गरजच नव्हती. हेच सरळ चिखलात टोचायचं, पण भांगाच्या दिवसांत, म्हणजे मुळं धरेपर्यंत मोठं पाणी त्यांना उचलणार नाही. एकट्या रविवारानं ते भागणार नव्हतं. हात हवे होते. आणि त्यातले दोन हात कोणते हवेत, हे तिला चांगलंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती जीपनं दिघाशीला गेली.

अंगणात एक बाई सुपानं तांदूळ पाखडत होती. विशालची आई, चंद्राबाई. मृणालीनं नाव सांगितलं तसं तिनं सूप खाली ठेवलं आणि तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन गावची का तू? खाजनवाली?" ती म्हणाली. "बरा झाला आलीस बाय. पोरगा धड जेवत न्हाय का बोलत न्हाय. शेतावर हाय बग, त्या आंब्याच्या पल्याड."

भात पोटरीला आला होता. विशाल बांधाची खचलेली कड चोपत होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला, आणि फावडं कुठं ठेवावं हेच त्याला कळेना.

"तू... इथं?"

"भात छान आलाय."

"मी नाय येणार, मृणाली. सांगून टाकतो. माझ्यामुळं तुझं खाजण गेलं."

"गेलं नाही अजून. दिवाळी लांब आहे."

"मी परत काय तरी चुकवीन."

"चुकवशील. मग मी ओरडेन. त्यात नवीन काय आहे?"

"तुला गंमत वाटते?"

"गंमत?" मृणाली बांधावरून उडी मारून त्याच्यासमोर आली. "चूक तू करायची आणि निस्तरायची मी एकटीनं? असा कसा रे तू? त्या दिवशी आम्हा दोघींदेखत चिखलात सरपटलास, तेव्हा नाही लाज वाटली. आणि आता तोंड लपवून बसलास?"

"तेव्हा तू कोण ते ठाऊक नव्हतं."

"आणि आता?"

त्यानं भाताचं एक पातं बोटांत धरलं. "आता ठाऊक हाय," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर तोंड दाखववत नाय."

मृणालीनं ते ऐकलं. पण ती बियाणाचं बोलायला आली होती आणि तिनं आधी बियाणाचंच सांगितलं, सगळं, एका दमात. तो ऐकत गेला. हळूहळू त्याचे खांदे सरळ झाले.

"भांग सप्तमीला लागणार," शेवटी तो म्हणाला. "मी शिफ्ट बदलून घेतो. जमली तर आणखी माणसं पण आणतो."

चंद्राबाईनं तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवशी विशाल पोटभर जेवला, आणि आईनं ते बघून मृणालीच्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

सप्तमीच्या सकाळी तो आला तो एकटा नाही. लूमवरचे दोघं सोबती बरोबर होते. ऋतिकानं कॉलेजच्या मुलांना बोलावलं होतं, राहीबाईनं गावातल्या बायांना. टोपल्या भरभरून बियाणं गोळा झालं. वितीवितीवर एकेक बी चिखलात टोचायचं, कोंब वर, अर्धं बाहेर. पाऊस येत होता, जात होता, कोणी थांबत नव्हतं. त्यात विशालच्या सोबत्यांपैकी मोबीन टोपली घेऊन मृणालीसमोर आला आणि अदबीनं म्हणाला, "भाभीजी, ये किधर लगाऊँ?"

सगळ्या खाजणाच्या माना वळल्या.

"अबे, काय बोलतो!" विशाल कानापर्यंत लाल झाला.

"क्यों? आपने ही तो..." मोबीन गडबडून म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

"उधर," मृणाली वर न बघता म्हणाली. "उस कोने में." तिच्या ओठांवर जे काही आलं होतं ते तिनं खाली वाकून चिखलाला दाखवलं. राहीबाई मात्र इतकी हसली की तिची टोपली सांडली.

भांग संपेपर्यंत ते रोज आले. उघाडीतला गाळ विशालनं स्वतः काढला, आणि तिथली एक काडी हलवायची तरी आधी मृणालीला विचारलं. कोजागरीला बियांना दोन पानं फुटली होती. नंतर चार.

दिवाळीची अवस उजाडली. लक्ष्मीपूजनाचा दिवस, पण मृणालीचं चित्त रांगोळीत नव्हतं. दुपारी खाडी चढायला लागली. उघाडीतून पाणी आत आलं, पसरलं, चढत गेलं आणि बघता बघता सगळी रोपं दिसेनाशी झाली. वर नुसतं मातकट, फिरणारं पाणी. बांधावर मृणाली उभी होती, जरा अंतरावर विशाल, आणि दोघांच्या मध्ये राहीबाई. केसरीनाथ पांढऱ्या कपड्यांत बुलेटवरून उतरले आणि हाताची घडी घालून तेही उभे राहिले.

ओहोटी लागली. आधी कोपऱ्यातली एक शेंडी वर आली. मग दुसरी. मग पानांवरून पाणी निथळत ओळच्या ओळ...

केसरीनाथांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते चिखलात उतरले. वाकून एक रोप बोटांत धरलं, हलवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. दुसरं पाहिलं. खाडीकडच्या अंगाला थोडी वाहून गेली होती, तिथंही ते जाऊन आले.

"शब्द दिला तो दिला," वर येऊन ते म्हणाले. "भराव टाकत न्हाय."

मृणालीनं डोळे मिटले. पण बाबा तिथंच उभे होते. त्यांचं बोलून झालं नव्हतं.

"पन माजा ऐक. घानेरी पुढच्या साली परत येनार. बाबल येनार. दर साली कोनाला तरी हितं राबाया लागनार. मी म्हातारा होतंय, आनि तू माजी एकुलती एक. उद्या तू लगीन करून जाशील पनवेलला नाय तर वसईला. तवा कोन राखनार? परत रान माजल, आनि मंग मना भराव टाकाया लागलच. त्यापरीस आताच गिऱ्हाईक हाय तं..."

ते रागानं बोलत नव्हते, हेच जास्त अवघड होतं. आणि त्यांचं चूकही नव्हतं. मृणालीनं खाजणाकडे पाहिलं. इतके महिने ती उधाणाशी, घाणेरीशी, बाबांशी भांडत आली होती. या प्रश्नाशी भांडून भागणार नव्हतं, त्याला उत्तरच द्यायला हवं होतं. आणि उत्तर तर तिच्याजवळ केव्हाचं होतं.

"मी पनवेलला जाणार नाही, बाबा," ती म्हणाली. "वसईलाही नाही."

"मंग?"

"फार तर दिघाशीला जाईन. तिथून रोज येता येतं."

राहीबाईचा हात तोंडाशी गेला. विशाल हातातलं फावडं धरून खांबासारखा उभा होता. केसरीनाथांनी मुलीकडे पाहिलं, मग सावकाश त्याच्याकडे.

"ए दिघाशी. हिकरं ये."

तो पुढं आला.

"ही काय बोलतंय ता तुला ठावं होता?"

"नाय काका. आत्ताच कळलं."

"मंग तुझा काय हाय म्हननं? आमी खाडीवरचं, तुमी शेतावरचं. घरी आयस-बापूस काय म्हनतील, गाव काय म्हनल, केलास इचार?"

विशालनं फावडं खाली ठेवलं. "काका, मला ती आवडते. पहिल्या दिवसापासून. माझ्या हातानं तिचं सगळं कुजलं, तरी ती मला न्यायला आली. आता कोण काय बोलेल ते मी ऐकून घेईन. पण ती हो म्हणते तर मी नाय म्हणणार नाय. आणि ती खाजण राखते तर मी ते राखणार. तुम्ही नाय म्हणालात तरी शुक्रवारी येऊन राखणार."

केसरीनाथांनी त्याला एकवार नीट निरखलं. मग खिशातून मोबाईल काढला आणि जरा बाजूला जाऊन नंबर लावला. वारा त्यांचा आवाज बांधावर आणत होता.

"शेट, केसरीनाथ बोलतंय... ती खाडीवरची जागा. न्हाय. न्हाय द्यायची... न्हाय वो, भावाचा काय न्हाय. आमच्या घरातच लागनार हाय."

फोन बंद करून ते बुलेटवर बसले. "पूजेला उशीर नुको करू," एवढंच मृणालीला म्हणाले आणि किक मारली. मग मान वळवून विशालला म्हणाले, "तू पन ये. पाय धुवून ये."

बुलेट गावाकडे गेली. राहीबाईही पदरानं डोळे पुसत, उगाचच घाई असल्यासारखी गाडीमागून चालू लागली. इतक्या शुक्रवारांनंतर पहिल्यांदाच तिनं दोघांना एकटं सोडलं.

"मला विचारलं नाहीस तू," विशाल म्हणाला.

"तू कुठं काही सांगितलं होतंस? मोबीनला सांगतोस, मला नाही."

"मग आता विचार."

मृणाली त्याच्यासमोर आली. खाली चिखलातून शेवटचं पाणी उघाडीकडे वाहत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. एवढी कोयतेवाली, भांडखोर मुलगी... आणि आता ती त्याच्या खाली ठेवलेल्या फावड्याकडे बघत होती.

"करशील लग्न?" शेवटी तिनं विचारलं. "माझ्याशी?"

"करीन," तो म्हणाला, आणि तिचा हात हातात घेतला. या वेळी सोडवायला कोणी ओरडलं नाही.

जरा वेळानं ती दोघं बांधावरून गावाकडे निघाली. घरांच्या दारांत पणत्या मांडणं चाललं होतं. मृणालीच्या दारात तिची आई तबक घेऊन उभी होती आणि लांबूनच दोघांकडे टक लावून बघत होती.

विशालची पावलं मंदावली. "आईला कोण सांगणार?"

"तू."

"मी? अगं, मी पाहुणा माणूस!"

"आता कुठला पाहुणा," मृणाली म्हणाली, आणि हात न सोडता त्याला घेऊन अंगणात शिरली.